हिवाळ्यात स्वयंसेवकांना सह्याद्रीत वाट काढायला कसं शिकवावं

प्रश्न थोडक्यात असा: गडसंवर्धनाचं काम करणारा आणि गरज पडली तर हरवलेल्यांच्या शोधात मदत करणारा वीस-पंचवीस जणांचा गट आहे. बहुतेकांचे दहा-बारा ट्रेक झालेत, पण कायम कुणाच्या तरी मागे चालून. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले काही शनिवार-रविवार हाताशी आहेत. डोंगरात नीट चालणं आणि नकाशा-होकायंत्रावर वाट काढणं त्यांना कोणत्या क्रमाने आणि किती शिकवावं?

क्रम असा ठेवा: आधी डोंगर, मग नकाशा, मग होकायंत्र आणि सगळ्यात शेवटी मोबाइल. बहुतेक शिबिरांत हा क्रम उलटा असतो. सभागृहात होकायंत्राचे भाग समजावून सुरुवात होते आणि दुपारपर्यंत मुलं बेअरिंग (उत्तरेपासून अंशांत मोजलेली दिशा) पाठ करतात. दुसऱ्या दिवशी डोंगरावर त्याच मुलांना आपण सोंडेवर (खाली उतरत जाणाऱ्या उंचवट्यावर) आहोत की घळीत (दोन सोंडांमधल्या खोलगटीत), हे सांगता येत नाही.

डोंगर आधी का, याचं कारण सह्याद्रीच्या घडणीत आहे. हा डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. कठीण थराचा उभा कडा, त्याखाली ठिसूळ थराचा उतार किंवा पदर (दोन कड्यांमधली आडवी पट्टी), पुन्हा कडा, पुन्हा पदर. कडा कैक किलोमीटर सलग जातो आणि त्यातून खालीवर करायला एखादी नाळ (कड्यातून उतरणारी अरुंद घळ), एखादी खिंड, एखादा दांड (उतरती सोंड) एवढंच असतं. पठारावर तुमची दिशा दहा अंशांनी चुकली तर फारसं बिघडत नाही. कड्यातली नाळ पन्नास मीटरने हुकली तर मात्र खाली उतरायला वाटच नसते. इथले बरेच अपघात त्या पन्नास मीटरांत होतात: अंधार पडायला आलेला असतो, गाव खाली दिसत असतं आणि माणूस ‘इथूनच उतरू’ म्हणतो. म्हणून स्वयंसेवकाला उत्तर दिशा सापडली की नाही, यापेक्षा ‘मी कोणत्या पदरावर आहे आणि इथून खाली जायची वाट कुठून फुटते’ हे त्याला सांगता येतं का, ते बघा.

हिवाळा शिकवायला उत्तम आहे. पाऊस नसतो, सकाळी हवा स्वच्छ असते, टाक्यांत पाणी असतं. पण याच ऋतूची एक फसगत आहे. सगळं डोळ्यांना दिसत असतं, त्यामुळे नकाशा न वाचताही माणूस बरोबर पोचतो आणि आपल्याला येतं असं समजतो. पुढे जुलैच्या ढगात तोच माणूस हरिश्चंद्रगडाच्या पठारावर, तोलार खिंडीतून देवळाकडे जाताना एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्यांमध्ये गरगर फिरतो. तेव्हा हिवाळ्यात शिकवताना दिसणं अधूनमधून मुद्दाम काढून घ्यावं लागतं. कसं, ते पुढे सांगतो.

दिवस नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचे धरा. त्याआधी गवत कमरेएवढं असतं आणि पायवाटा त्यात बुडालेल्या असतात. फेब्रुवारीपासून ऊन, वणवे आणि आटलेलं पाणी सुरू होतं. डोंगरावरचे चार पूर्ण दिवस आणि दोन रात्री पुरतात, पण सलग घेऊ नका. दोन दिवसांमध्ये दोन आठवड्यांचं अंतर ठेवा आणि मधल्या वेळेत प्रत्येकाला घराजवळच्या टेकडीवर तासाभराचा सराव द्या. एका प्रशिक्षकामागे सहा जण, त्याहून जास्त नकोत. नकाशा दोघांत एक, होकायंत्र प्रत्येकाला. दहा जणांत एक नकाशा असला की दोघं शिकतात आणि आठ जण गप्पा मारतात.

पहिल्या दिवशी नकाशा सॅकमधून काढायचाच नाही. चालायचं आणि बघायचं.

चालणं शिकवण्यासारखं आहे, हे बऱ्याच जणांना पटत नाही, कारण सगळ्यांना वाटतं आपल्याला चालता येतं. चढावर पाऊल लहान आणि पूर्ण तळवा टेकलेला. दम लागून बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. सगळ्यात हळू चालणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर ठेवा, शेवटी नको. शेवटी ठेवला की पुढचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोचला की लगेच निघतात. त्याच्या वाट्याला विश्रांती येतच नाही. शेवटचा माणूस अनुभवी हवा, त्याच्याकडे शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी हवी, आणि त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये.

हिवाळ्यात खरा त्रास उताराला असतो. वाळलेलं गवत आडवं पडतं आणि त्यावरून बूट तेल लावल्यासारखा सरकतो. अशा उतारावर टाच पुढे करून सरळ खाली जायचं नाही. अंग आडवं करून, पाऊल गवताच्या बुंध्याजवळ रोवत उतरायचं. घसाऱ्यावर (सुट्या माती-दगडांच्या निसरड्या उतारावर) लोक भीतीने मागे रेलतात आणि तिथेच पाय सुटतो. वजन पायांवर, गुडघे सैल आणि नजर पुढच्या तीन पावलांवर हवी. घसाऱ्यावर एकाच्या बरोबर खाली दुसरा येईल अशी रांग लावू नका. वाट नागमोडी असेल तर वळणावर थांबून एक टप्पा रिकामा होऊ द्या. दगड सुटला तर ‘दगड!’ ही एकच हाक, आणि ती सगळ्यांनी मोठ्याने द्यायची. रॉकपॅचवर (हात लावून चढायच्या कातळावर) दोन पाय, दोन हात यांपैकी तीन कायम टेकलेले असावेत. दोर लावणं या प्रशिक्षणात आणू नका. अर्धवट शिकलेला दोर माणसाला नको तिथे नेतो.

याच दिवशी डोंगराची भाषा द्या. सोंड, दांड, धार, खिंड, घळ, नाळ, पदर, माची, पठार. प्रत्येक शब्द समोरच्या डोंगराकडे हात करून सांगायचा आणि मग त्यांना शोधायला लावायचा. मूठ वळून समोर धरायला सांगा: बोटांची हाडं म्हणजे शिखरं, मधल्या खाचा म्हणजे खिंडी, मनगटाकडे उतरणाऱ्या उंचवट्या म्हणजे सोंडा आणि त्यांच्या मधल्या खोलगटी म्हणजे घळी. बॉलपेनने मुठीवर समान उंचीच्या रेषा काढल्या आणि मूठ उघडली की तळहातामागे नकाशा तयार होतो. दोन मिनिटांचा हा खेळ तासाभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त टिकतो.

पहिल्याच दिवशी ढोरवाट ओळखायला शिकवा, कारण हिवाळ्यात वाट चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. गुरं चरायला जातात ती उंची राखून, डोंगराच्या कुशीतून आडवी. त्यांची वाट सुरुवातीला मुख्य वाटेइतकीच, कधी जास्त मळलेली असते. मग तिला फाटे फुटतात आणि शेवटी ती गवतात विरते. माणसांची वाट कुठेतरी पोचते: खिंडीकडे, पाण्याकडे, देवळाकडे. तिच्यावर बुटांचे ठसे, झिजलेला कातळ, प्लास्टिकचा कागद, कातळात पाय ठेवायला खोदलेली पावठी अशा खुणा सापडतात. वाटेला फाटे फुटत आहेत आणि प्रत्येक फाटा आधीपेक्षा अरुंद आहे, असं दिसलं की थांबायचं. रंगवलेले बाण आणि दगडांच्या लगोऱ्या यांवरही डोळे मिटून विश्वास नको. कुणी, कधी आणि कुठे जाण्यासाठी त्या ठेवल्या, हे कळत नाही.

गावात वाट विचारण्याचीही रीत आहे. ‘काका, ही वाट गडावर जाते ना?’ असं विचारलं की समोरचा माणूस बहुधा ‘हो’ म्हणतो, मान ठेवण्यासाठी. ‘काका, ही वाट कुठं जाते?’ असं विचारा. वेळ विचारताना ‘तुम्हाला किती वेळ लागतो, आणि पोरंबाळं सोबत असली तर?’ असं विचारा. शक्य असेल तर चारातला एक दिवस गावातला वाटाड्या मानधन देऊन सोबत घ्या. घळींची, पाण्याची आणि पदरांची जी नावं तो सांगेल, त्यातली निम्मी नकाशात नसतात. ती नकाशावर लिहून ठेवा. शोधकार्यात गावकऱ्यांशी बोलताना तीच नावं कामाला येतात.

दुसरा दिवस नकाशाचा, होकायंत्राशिवाय. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे वापरा. खुल्या मालिकेचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. छापताना एक चूक हमखास होते. प्रिंटर ‘पानात बसवा’ या पर्यायावर असतो आणि नकाशा चार-पाच टक्क्यांनी आक्रसतो. मग पट्टीने मोजलेलं प्रत्येक अंतर चुकतं आणि कारण कुणाला कळत नाही. छापल्यावर पट्टी लावून बघा: १:५०,००० वर एक किलोमीटर म्हणजे बरोबर २ सेंटिमीटर, दुप्पट मोठा करून छापला तर ४ सेंटिमीटर. मोठा केल्याने नकाशात नवीन काही दिसत नाही, फक्त डोळ्यांना सोपं जातं, हेही सांगा. लॅमिनेशन करू नका. त्यावर पेन्सिल चालत नाही आणि घडी मोडते. पारदर्शक पिशवी पुरते.

नकाशाच्या कडेलाही लक्ष हवं. राजगड आणि तोरणा ही नेहमीची जोडी १८ अंश १५ मिनिटांच्या अक्षांशाच्या दोन बाजूंना आहे. त्यामुळे नकाशांच्या जुन्या क्रमांकांप्रमाणे राजगड ४७ एफ/१२ वर आणि तोरणा ४७ एफ/११ वर येतो. एकच शीट (एका क्रमांकाचा नकाशा) घेऊन निघालेला गट अर्ध्या वाटेत नकाशाबाहेर जातो. दोन्ही शीट आदल्या रात्री जोडून घ्या.

शिकवायला राजगडासारखा गड नाही. मधोमध बालेकिल्ला आणि त्यातून तीन दिशांना फुटलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या (तटबंदी केलेल्या सोंडा). नकाशावर समोच्च रेषांची (मुठीवर काढल्या तशा समान उंचीच्या रेषांची) तीन लांब बोटं दिसतात आणि समोर तीच तीन बोटं दगडात उभी असतात. रेषा उंच भागाकडून सखल भागाकडे फुगल्या तर सोंड, उलट्या चढाकडे आत शिरल्या तर घळ. हा एक फरक पक्का होईपर्यंत पुढे जाऊ नका. खात्री करायची सोपी रीत: निळी रेषा ज्या खोबणीतून जाते ती घळ, कारण ओढा सोंडेवरून वाहत नाही.

आता सह्याद्रीतली खरी मेख. या शीटवर डोंगराळ भागात दोन समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर असतं. पंधरा मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधोमध अख्खा लपू शकतो. नकाशा सौम्य उतार दाखवतो आणि जमिनीवर पाच मजली भिंत उभी असते. स्वयंसेवकाने हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून असा एखादा कातळ आधी हेरून ठेवा, त्याच्या माथ्यावर गटाला न्या, नकाशा उघडायला लावा आणि विचारा, ‘नकाशाप्रमाणे इथून उतरता येईल का?’ बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. मग चार पावलं पुढे नेऊन दाखवा. नकाशा काय सांगत नाही, हे त्या एका जागी कळतं.

दोन ठिकाणांमधलं अंतर म्हणजे एक टप्पा. प्रत्येक टप्प्याआधी तीन प्रश्न: वाटेत काय काय लागेल, किती वेळ लागेल, आणि पुढे निघून गेलो तर ते कशावरून कळेल? उत्तर असं यायला हवं: ‘खिंडीतून निघून सोंडेच्या डाव्या अंगाने आडवं जायचं, दोन कोरडे ओढे लागतील, दुसऱ्यानंतर चढ सुरू होईल आणि माथ्यावर सपाटी. वीस मिनिटं. तिसरा ओढा लागला तर आपण पुढे आलो.’ हे बोलून झालं की नकाशा बंद करून पिशवीत. टप्पा संपेपर्यंत उघडायचा नाही. दिसणं काढून घ्यायचं म्हटलं ते इथून सुरू होतं: माणूस नकाशावर बोट ठेवून चालत नाही, डोक्यातलं चित्र जमिनीशी ताडत चालतो. ओढे मोजायचं काम एकाला, वेळ बघायचं दुसऱ्याला द्या.

वेळेचा हिशेब करताना नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम पुस्तकांत असतो: ताशी ५ किलोमीटर, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास जास्त. सॅक पाठीवर असलेल्या मिश्र गटासाठी तो फार आशावादी आहे. ताशी ३ किलोमीटर धरा आणि दर १०० मीटर चढाला १० ते १५ मिनिटं मिळवा. म्हणजे २ किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ असेल तर ४० अधिक ३० ते ४५, म्हणजे सत्तर ते पंच्याऐंशी मिनिटं. घसाऱ्याच्या उतारालाही चढाइतकाच वेळ धरा. गटाचा खरा वेळ प्रत्येक टप्प्याला लिहून ठेवा, चौथ्या दिवसापर्यंत तुमच्या गटाचा स्वतःचा आकडा तयार होतो.

परतीची वेळ याच हिशेबातून निघते. डिसेंबरच्या मध्यात पुण्याच्या परिसरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर कामाचा उजेड वीस-पंचवीस मिनिटंच असतो. डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला, झाडीत, अंधार त्याच्याही आधी येतो. शेवटचा रॉकपॅच साडेचारला मागे पडला पाहिजे, असं धरून उलटं मोजत या. जी वेळ निघेल तिला, माथा अर्ध्या तासावर असला तरी, वळायचं. ही वेळ सकाळी गावातच ठरवा आणि सगळ्यांना सांगा. वर जाऊन ठरवली तर ती पाळली जात नाही.

तिसऱ्या दिवशी होकायंत्र. पारदर्शक पट्टीचं, फिरत्या चकतीचं घ्या. परदेशातून मागवलेल्या काही होकायंत्रांची सुई तिकडच्या चुंबकीय कलासाठी (सुई जमिनीकडे झुकते त्या कोनासाठी) तोललेली असते; इथे तिचं एक टोक झुकतं आणि काचेला घासतं. विकत घेतल्यावर सपाट धरून सुई मोकळी फिरते का, ते बघा. परदेशी पुस्तकांत चुंबकीय विचलनाची (खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतल्या फरकाची) बेरीज-वजाबाकी मोठी प्रकरणं घेते. महाराष्ट्रात ते सध्या एका अंशापेक्षा कमी आहे. सोडून द्या, वर्गात त्यावर वेळ घालवू नका.

पद्धत अशी. पट्टीची लांब कड नकाशावर आपल्या जागेपासून जायच्या जागेपर्यंत लावायची, पट्टीवरचा बाण जायच्या दिशेला. चकती फिरवून तिच्या आतल्या रेषा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांना समांतर करायच्या, चकतीचा उत्तर खुणेचा भाग नकाशाच्या वरच्या बाजूला. होकायंत्र उचलून छातीजवळ आडवं धरायचं आणि आपण स्वतः फिरायचं, सुईचं लाल टोक चकतीवरच्या बाणात येईपर्यंत. आता पट्टीवरचा बाण दाखवतो तिकडे जायचं. त्या रेषेतलं चाळीस-पन्नास मीटरवरचं झुडूप किंवा दगड हेरायचा, होकायंत्र खाली घ्यायचं, तिथवर चालायचं, पुन्हा हेरायचं. होकायंत्राकडे बघत चालणारा माणूस हळूहळू उताराकडे सरकतो आणि ठेचकाळतो.

चुका ठरलेल्या असतात. पहिली, बाण उलटा लावणं. १८० अंशांची चूक. तिच्यावर उतारा म्हणजे चालायच्या आधी तोंडाने बोलणं: ‘मी पूर्वेला चाललोय, सकाळ आहे, सूर्य समोर हवा.’ डिसेंबरात खरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास असते आणि त्या वेळी सावली उत्तरेला पडते. ही एक सावली रोज दाखवा. दुसरी, होकायंत्र मोबाइलजवळ, हेडटॉर्चच्या बॅटरीजवळ किंवा चुंबकाची कडी असलेल्या पिशवीवर धरणं. तिसरी खास आपल्याकडची: आपला कातळ बेसॉल्टचा, त्यात लोहखनिज असतं, आणि माथ्यावरच्या उघड्या कातळावर ठेवलेलं होकायंत्र काही ठिकाणी भरकटतं. दगडावर ठेवून वाचू नका, हातात धरा. शंका आली तर दहा-पंधरा मीटर बाजूला सरकून त्याच लांबच्या खुणेचं बेअरिंग पुन्हा घ्या. दोन आकडे जुळले नाहीत तर त्या जागेवर विश्वास ठेवायचा नाही.

एक अंशाची चूक किलोमीटरला साधारण १७ मीटर पडते, पाच अंशांची ८७. नवशिक्याच्या हातून पाच अंश सहज जातात. म्हणून कड्यातल्या खिंडीचा सरळ नेम धरायचा नाही, मुद्दाम एका बाजूला, समजा डावीकडे, दहा अंश धरायचं. कड्याची धार लागली की खिंड आपल्या उजवीकडेच आहे हे पक्कं असतं. सरळ नेम धरला आणि खिंड दिसली नाही, तर डावीकडे जावं की उजवीकडे, हेच कळत नाही. या एका युक्तीवर अख्खी दुपार घालवली तरी ती वाया गेली असं मानू नका.

दोन ओळखीच्या खुणांवरून आपली जागा काढणं राजगडाच्या बालेकिल्ल्यावर करून घ्या. तोरणा तिथून साधारण २९८ अंशांवर, मनोरे असलेला सिंहगड ३० अंशांच्या आसपास. दोन्ही रेषांमध्ये जवळपास काटकोन पडतो, त्यामुळे छेद स्वच्छ येतो. पुरंदर ८३ अंशांकडे, पण तो तीस किलोमीटर लांब. तिथे एका अंशाने पाचशे मीटर सरकतात. हा सराव सकाळीच उरका. हिवाळ्यात दुपारी धुरकट होतं आणि लांबचे गड पुसले जातात.

पावलं मोजणंही याच दिवशी. शंभर मीटर दोरीने मोजा, एकाच पायाची पावलं मोजायला लावा. सपाटीवर बहुतेकांची ६० ते ७० भरतात, चढावर ९० च्या पुढे जातात. प्रत्येकाने आपले दोन आकडे नकाशाच्या मागे लिहायचे.

मोबाइल चौथ्या दिवशी. ऑफलाइन नकाशा, विमान मोड आणि पॉवर बँक हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे: कुणीतरी इंटरनेटवर टाकलेली जीपीएक्स फाइल (जीपीएसने केलेली मार्गाची नोंद) म्हणजे वाट नव्हे, कुणीतरी एकदा चाललेल्या खुणांची माळ आहे. दोन खुणा लांब असतील तर स्क्रीनवर मधली रेषा कड्यावरूनही सरळ जाते. अरुंद घळीत, कड्याच्या पोटाशी उपग्रह कमी दिसतात आणि ठिपका पन्नास मीटर उडी मारतो, म्हणजे नेमकी नाळ शोधायची तिथेच. जुन्या टोपोशीटवरचे (सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवरचे) अक्षांश-रेखांश मोजणीच्या जुन्या संदर्भपद्धतीत असतात, मोबाइलची पद्धत वेगळी. मोबाइलच्या आकड्याशी साधारण शंभर-दीडशे मीटरचा फरक दिसला तर गोंधळू नका.

आकडा कळवायची पद्धत एकच ठरवा. शोधकार्यात सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. एक जण फोनवर सांगतो ‘अठरा पॉइंट दोन चार सहा’. ऐकणारा लिहितो १८ अंश २४ मिनिटं ६ सेकंद. या दोन जागांमध्ये सतरा किलोमीटरचं अंतर आहे. दशांशात सांगायचं, दशांश चिन्हानंतर पाच आकडे, प्रत्येक आकडा सुटा, आणि ऐकणाऱ्याने परत वाचून दाखवायचं. सोबत जवळच्या गावाचं आणि घळीचं नाव. मदत मागायला ११२, रुग्णवाहिकेला १०८, आणि बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर: तिघांनाही हीच माहिती लागते.

रात्रीचे दोन सराव तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाला जोडून घ्या, पहिला पौर्णिमेच्या आसपास, दुसरा अमावास्येच्या. अनेक गडांवर मुक्कामाला बंदी आहे, अभयारण्यात वनखात्याचे नियम आहेत. गावाची परवानगी काढून गावालगतचं पठार निवडा, जिथे एका बाजूला रस्ता आहे आणि कडा कुठेच नाही. चूक करायला जागा हवी, पण ती चूक स्वस्तात पडली पाहिजे. दोनशे मीटरचे छोटे टप्पे, बेअरिंग आणि पावलं. चौघांचा गट, एक पुढे दिशेत उभा राहतो, मागचा होकायंत्रावरून त्याला डावी-उजवीकडे सरकवतो. पावसाळी ढगात नेमकं हेच करावं लागतं. हेडटॉर्च मधूनच बंद करून पाच मिनिटं उभं राहायला सांगा, डोळे सरावतात आणि धार आकाशावर उमटलेली दिसते. हिवाळ्यातल्या संध्याकाळी सप्तर्षी उपयोगाचे नाहीत, मध्यरात्रीच्या सुमारास ते पूर्ण वर येतात. ध्रुव शर्मिष्ठेवरून (इंग्रजी एम अक्षरासारख्या तारकासमूहावरून) शोधायला शिकवा. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंशांवर, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका असतो. उत्तरेला डोंगर असेल तर दिसतही नाही.

चुकल्यावर काय करायचं, याचाही सराव हवा. थांबायचं, बसायचं, पाणी प्यायचं. शेवटचं खात्रीचं ठिकाण कोणतं आणि तिथून किती मिनिटं झाली? पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नवी वाट शोधू नका, आल्या वाटेने त्या ठिकाणी परत जा. ओढ्याने खाली उतरायचं नाही. पाणी गावाकडे जातं हे खरं, पण सह्याद्रीत ते वाटेत कड्यावरून उडी घेतं, आणि हिवाळ्यात ओढा कोरडा असल्याने पुढे धबधब्याची जागा आहे हे ऐकूही येत नाही. दोन कातळटप्पे सरकत उतरलेल्या माणसाला परत चढता येत नाही. शिट्टीचा संकेत पाठ करून घ्या: मिनिटाला सहा, मग एक मिनिट शांतता, उत्तर मिनिटाला तीन.

ऋतूचे बाकी धोके थोडक्यात. थंडीत तहान लागत नाही आणि दुपारी ऊन तिशीला जातं. तीन लिटर पाणी प्रत्येकी, तहान नसली तरी दर अर्ध्या तासाला घोट. चढताना घामेजलेला शर्ट माथ्यावरच्या वाऱ्यात गार पडतो, कोरडा, सुती नसलेला शर्ट आणि वाराबंद जॅकेट सॅकमध्ये वरच ठेवा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात: अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको, आणि शिट्टीचा सराव अशा कड्याखाली नको. वणवा दिसला तर चढाकडे पळू नका, आग चढावर वेगाने धावते. उघड्या कातळावर किंवा आधीच जळून गेलेल्या पट्ट्यात जा.

परीक्षा लेखी घेऊ नका. प्रत्येकाने अनोळखी मुलखात तीन टप्पे एकट्याने गट न्यायचा, त्यातला एक अंधारात. प्रशिक्षक सगळ्यात मागे, गप्प. प्रश्न विचारला तर उत्तर ‘तुला काय वाटतं?’ एवढंच. कडा जवळ नसेल तर चुकू द्या आणि चूक त्याला स्वतःला किती वेळात कळते ते घड्याळात बघा. पोचला की नाही यापेक्षा तो आकडा महत्त्वाचा: दहा मिनिटांत ज्याला कळतं आणि जो गटाला ‘मी चुकलो, मागे फिरूया’ असं सांगू शकतो, त्याच्या हाती गट द्यायला हरकत नाही. ज्याला कळत नाही त्याला अजून दोन रात्री द्या. आणि सगळ्यांनाच जूनच्या पहिल्या पावसानंतर, ढग खाली उतरलेले असताना, त्याच पठारावर तेच टप्पे पुन्हा करायला बोलवा. नकाशामागे लिहिलेले पावलांचे आणि वेळेचे आकडे त्या दिवशी सोबत आणायला सांगा.